वेळूच्या पेराचे गाव

बांबूचे एक नळकांडे. लांबी वीतभर, जाडी दोन बोटांची, अंगाचा रंग मधासारखा आणि त्यावर काळ्या बारीक रेघांची दाट नक्षी. सोबतच्या चिठ्ठीवर एवढेच लिहिलेले: ‘कोरीव बांबू, इंडोनेशिया, एकोणिसावे शतक’. युरोपातल्या लिलावांच्या याद्या चाळल्या, जुन्या संग्रहांचे खण उघडले, की अशा चिठ्ठ्या ढिगाने भेटतात. इंडोनेशिया म्हणजे सतरा हजारांहून अधिक बेटे आणि सातशेहून अधिक भाषा. उत्तर सुमात्रातल्या कारो तरुणाने विरहात कोरलेले विलापगीत, तिमोरच्या डोंगराळ मुलखातल्या आतोनी शेतकऱ्याची चुन्याची नळी, बोर्निओच्या जंगलातल्या शिकाऱ्याचा विषारी बाणांचा भाता, सगळे त्या एका शब्दाखाली जमा होते. तो शब्दही १८५० च्या सुमारास ब्रिटिश अभ्यासकांनी वापरात आणला. ज्यांनी हे बांबू कोरले त्यांतल्या बहुतेकांच्या कानावर तो कधी पडलाही नसेल.

त्या एका शब्दाच्या जागी एखादे गाव, एखादे खोरे, निदान एखाद्या समाजाचे नाव लिहिता यावे, एवढ्यासाठी ही पुस्तिका आहे. हे काम मला मनापासून महत्त्वाचे वाटते. वस्तूचा ठावठिकाणा हरवला की ती कोरणाऱ्या माणसाचे नाव तर जातेच, पण त्याची भाषा, त्याची पद्धत, त्याचे कसबही बेवारशी होते आणि उरते ती फक्त काचेच्या कपाटातली शोभा.

माझे म्हणणे थोडक्यात सांगायचे तर नक्षी सर्वांत शेवटी पाहावी. नवखा माणूस आधी नक्षीकडेच धावतो. वेलीसारखे वळण दिसले की तो बोर्निओचे ‘डायक’ म्हणतो, आकडेदार टोक दिसले की ‘तिमोर’. पण त्रिकोणांच्या माळा, तिरप्या रेघांनी भरलेल्या चौकटी, एकात एक वर्तुळे आणि दुहेरी वळणे सुमात्रापासून पापुआपर्यंत पसरलेली आहेत. मलाया द्वीपकल्पातल्या सेमांग आणि सेनोई लोकांच्या बांबूंवरही ती आहेत, आणि ते लोक तर इंडोनेशियातले नाहीतच. नक्षी एका बेटावरून दुसऱ्या बेटावर सहज जाते. पात्र कशासाठी बनले, ते कसे कापले, आत काय भरले, कुठे टांगले, या गोष्टी इतक्या सहज जात नाहीत. म्हणून सुरुवात तिथून करायची.

आधी बांबू. वेळूचे पेर मुळातच भांडे असते. गाठीच्या जरा खाली कापले की तळ आयता मिळतो. म्हणून कारागिराचा हात पहिल्यांदा दिसतो तो तळाशी. गाठीखाली किती बोटे सोडली, कापलेली कड घासून गुळगुळीत केली की करवतीच्या खुणा तशाच ठेवल्या, बसवल्यावर पात्र उभे राहते की कलते, हे पाहावे. कमरेला किंवा थैलीत वागवायचे पात्र उभे राहायची गरज नसते, घरात ठेवायचे असेल तर असते. भिंतीची जाडीही बोलते. स्किझोस्टॅकियम वंशातले वेळू पातळ भिंतीचे आणि लांब पेरांचे असतात. तिकडे ‘बेतुंग’ म्हणून ओळखला जाणारा डेंड्रोकॅलॅमस आस्पर जाडजूड असतो. मात्र बांबूची ही बेटे माणसांनीच जागोजागी लावलेली असल्यामुळे केवळ बांबूच्या जातीवरून गाव ठरवायला जाऊ नये.

बांबूच्या सालीचा एक गुण लक्षात ठेवला की अर्धे काम होते. बाहेरची साल सिलिकामुळे कडक आणि मेणचट असते, ती रंग धरत नाही. तिच्याखालचे तंतू मात्र रंग पिऊन घेतात. या एका गुणातून कोरण्याच्या दोन रीती निघाल्या. पहिलीत चाकूच्या टोकाने सालीवर रेघ ओढतात आणि मग काजळी तेलात कालवून चोळतात. काळा रंग रेघेत बसतो, सालीवरून पुसला जातो. सुमात्रातले बाताक आणि तिमोरचे लोक असे कोरतात. दुसरीत नक्षीच्या आजूबाजूची साल खरवडून काढतात आणि उघड्या पडलेल्या तंतूंना तांबडा किंवा काळा रंग देतात. नक्षी मग सालीच्या मूळच्या चकाकीत उठून दिसते. बोर्निओतल्या कायान, केन्याह या समाजांच्या कामात ही रीत फार वरच्या दर्जाला पोचलेली आहे. त्यांचा ‘आसो’, म्हणजे कुत्रा आणि नाग यांचे एकजीव झालेले रूप, अशा खरवडलेल्या जमिनीवर वळणावळणांनी पसरतो आणि कुठे त्याचा जबडा संपतो नि कुठे वेल सुरू होते ते कळत नाही. दोन्ही रीती दोन्हीकडे सापडू शकतात, पण रेघेचे काम आणि जमीन काढण्याचे काम हा फरक भिंगाखाली पहिल्या मिनिटात कळतो आणि शोधाची दिशा बदलतो.

मग उपयोग. यातली फार मोठी संख्या चुन्याच्या नळ्यांची आहे आणि इथे मराठी वाचकाला एक सोय आहे, कारण पानसुपारीचा संसार त्याच्या घरातलाच आहे. आपल्या आजोबांच्या चंचीत चुन्याची डबी असे, चुना ओला असे, बोटाने पानाला लावत. तिमोर किंवा सुंबा बेटावर चुना म्हणजे शिंपले किंवा प्रवाळ भाजून केलेली कोरडी भुकटी. पूर्वेकडच्या या बेटांवर पानाऐवजी पानवेलीची हिरवी लांबट कणसे सुपारीबरोबर चावतात आणि भुकटी त्यावर घेतात. कोरड्या भुकटीला अरुंद, घट्ट बूच बसणारी नळी लागते. जावा किंवा मलय दरबारांच्या छायेतल्या प्रदेशांत पितळी पानदानाचे संच रुळले, तिथे बांबूच्या नळीला तेवढे मानाचे स्थान उरले नाही. म्हणजे नळीच्या तोंडाच्या रुंदीवरूनही आपण नकाशावर थोडे पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे सरकतो.

अशी एखादी तिमोरची जुनी नळी हातात घेऊन सावकाश पाहावी. कोरणाऱ्याने आधी पेराभोवती गोल रेघा मारून पट्टे पाडलेले असतात, टोकांशी अरुंद आणि मध्ये रुंद. अरुंद पट्ट्यांत लहान त्रिकोण, आडव्या-तिरप्या रेघांनी भरलेले. मधल्या पट्ट्यात आकडे एकमेकांत अडकलेले, किंवा तिरप्या चौकटी आणि त्यांच्या पोटात पुन्हा चौकटी. भिंगाखाली रेघेचा छेद खाली निमुळता दिसतो आणि कोपऱ्यात चाकूचे टोक केसभर पुढे गेलेले असते. पट्टा गोल फिरून सुरुवातीला येऊन मिळतो, तिथे शेवटचा त्रिकोण जरा दाटीवाटीने बसवावा लागलेला असतो. ती सांध्याची जागा मला सगळ्यात प्रिय आहे. मोजपट्टीवाचून डोळ्याच्या अंदाजाने कोरणाऱ्या माणसाचा हिशोब तिथे उघडा पडतो, आणि चांगला कारागीर तो किती हुशारीने मिटवतो हेही तिथेच कळते. बूच लाकडाचे, शिंगाचे किंवा हाडाचे. ते नळीपेक्षा कमी झिजलेले असेल तर नंतर बदललेले समजावे आणि तसे नोंदवावे. आत डोकावले तर तळाशी चुन्याचे थर, काठाशी बुचाच्या घर्षणाने झालेली चकाकी. तिमोरच्या या कोरीव कामावर योहानेस लोएबर यांनी डच भाषेत १९०३ साली स्वतंत्र पुस्तक काढले. इतक्या लवकर एका बेटाच्या नक्षीकडे एवढ्या बारकाईने पाहिले गेले, ही अभ्यासकांच्या भाग्याची गोष्ट आहे.

एक विनंती इथेच करून ठेवतो. चुन्याचा थर धुऊ नका. घरातली वस्तू स्वच्छ करण्याच्या चांगल्या हेतूने कितीतरी नळ्या आतून खरवडल्या गेल्या आहेत. तो थर वर्षानुवर्षांच्या वापराने बसतो. नव्या नळीत भुकटी भुरभुरून तो आणता येत नाही, कारण खरा थर कडक, करडा आणि पदर चढलेला असतो.

तिमोरच्या बाबतीत ‘इंडोनेशिया’ हा शब्द कधी कधी सरळ चुकीचा ठरतो. बेट डच आणि पोर्तुगीजांनी वाटून घेतले, १८५९ च्या तहाने सीमा आखायला घेतली आणि ती पक्की व्हायला १९१६ उजाडले. पूर्वेकडचा भाग २००२ पासून तिमोर-लेस्ते हा स्वतंत्र देश आहे. तेतुम भाषिक लोक सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. गोव्याच्या वाचकाला हे ठाऊक असेल की १८४४ पर्यंत पोर्तुगीज तिमोरचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता. पूर्व तिमोरच्या वस्तूंचा माग काढताना पोर्तुगीज कागदपत्रांकडे वळावे लागते, नुसत्या डच नोंदी पुरत नाहीत. बोर्निओचीही तीच कथा. इंग्रज आणि डच यांच्यातली तिथली हद्द १८९१ च्या कराराने ठरली. केन्याह किंवा इबान कुटुंबे मलेशियातल्या सारावाकमध्येही आहेत आणि इंडोनेशियाच्या कालिमंतानमध्येही. नदीच्या वरच्या अंगाला कोरलेला भाता खालच्या बाजारात विकला गेला तर तो कोणत्या देशाचा म्हणायचा? नदीचे नाव मिळाले तर ते लिहावे. देशाच्या नावापेक्षा ते खरे.

भात्याची ओळख पटवणे त्या मानाने सोपे. बोर्निओतला भाता बहुधा हातभर लांब असतो, वर टोपण असते आणि बाजूला वेताने बांधलेला लाकडी आकडा, जो कमरेच्या पट्ट्यात अडकवायचा. बांबू उभा चिरू नये म्हणून तोंडाशी वेताची बारीक विणलेली कडी घातलेली असतात. फुंकनळीतून मारायच्या बाणांना अँटिआरिस झाडाच्या चिकाचे विष लावत. जुन्या भात्यात बाण शिल्लक असतील तर टोकांना हात लावू नये. आकडा तुटून गेला असला तरी त्याची खूण राहते. नळीच्या एका अंगाला फिकट उभा पट्टा आणि वेताच्या आवळणीचे वळ दिसले की हरवलेला आकडा डोळ्यांपुढे उभा राहतो.

सुमात्राकडे वळले की एक वेगळीच श्रीमंती समोर येते. तिथला बांबू लिहितो. बाताक लोकांची लिपी ब्राह्मीच्या दक्षिणी शाखेतून उतरलेली, म्हणजे आपल्या देवनागरीचे दूरचे भावंड. दातू, म्हणजे मंत्र-औषध-मुहूर्त जाणणारा माणूस, झाडाच्या सालीच्या घडीपुस्तकात, ‘पुस्ताहा’त, लिहीत असे. पण बांबूवर लिहिणे त्याच्यापुरतेच नव्हते. विल्यम मार्सडेन यांनी १७८३ साली लंडनमध्ये छापलेल्या सुमात्राच्या इतिहासात या बेटावरच्या लिपींची वर्णमाला दिली आणि बाताक लोकांत वाचता येणाऱ्यांचे प्रमाण पाहून आश्चर्य व्यक्त केले. कारो तरुण चुन्याच्या किंवा तंबाखूच्या नळीवर ‘बिलांग-बिलांग’ कोरत. ही दुःखाची गाणी, आपल्या नशिबाचा आणि विरहाचा पाढा वाचणारी. अभ्यासक उली कोझोक यांनी या विलापांवर आयुष्याचा मोठा भाग घालवला आहे. अशा नळीवर वरखाली नक्षीचे पट्टे आणि मध्ये ओळींमागून ओळी अक्षरे असतात. अक्षर दिसले की आपण नक्षीचा तर्क सोडून भाषेच्या ठोस जमिनीवर येतो.

आणि तिथे गावाच्या बरेच जवळ जाता येते. बाताक म्हणजे एक समाज नव्हे. तोबा, कारो, सिमालुंगुन, पाकपाक, अंकोला आणि मांडाइलिंग यांच्या बोली वेगळ्या आणि अक्षरांची वळणेही थोडी वेगळी. ‘त’ या अक्षराचे उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे असे दोन आकार आहेत. ‘म्ब’ आणि ‘न्ड’ या जोडध्वनींसाठी कारोंकडे स्वतंत्र अक्षरे आहेत. एका नळीवर ती आढळली, भाषाही कारो निघाली, तर तोबा सरोवराच्या उत्तरेकडच्या पठारावर बोट ठेवायला हरकत नाही. या सगळ्या वाचनाचा पाया हेर्मान फान देर ट्यूक यांनी घातला. ते १८५० च्या दशकात सुमात्रातल्या बारूसला राहिले, बाताक हस्तलिखिते जमवली आणि तोबा भाषेचे व्याकरण लिहिले. पुढे पेत्रुस फोरहूवे यांनी हस्तलिखितांच्या सूची केल्या, त्या आजही उघडाव्या लागतात.

बांबूवरच्या दिनदर्शिकाही याच प्रदेशातल्या. बारा महिने, प्रत्येकी तीस दिवस, अशा घरांचा जाळीदार पट नळीभोवती गुंडाळलेला असतो. त्यावरून दातू शुभाशुभ दिवस काढत असे. बाताक वारांची नावे आदित्य, सोम, अंगारक, बुध, बृहस्पती या क्रमाने आलेल्या ग्रहनावांवर उभी आहेत, हे वाचून मराठी माणसाला घरचे पंचांग आठवेल.

लिपी दिसली म्हणजे बाताकच, असे मात्र नाही. दक्षिण सुमात्रातले रेजांग आणि लाम्पुंग लोकही बांबूवर लिहीत. फिलिपाईन्समधल्या मिंदोरो बेटावरचे हानुनोओ मांग्यान आजही लिहितात. त्यांची ‘आम्बाहान’ ही सात-सात अक्षरी चरणांची कविता चुन्याच्या नळीवर कोरलेली सापडते, आणि बाजारात ती नळी बाताक म्हणून विकली जाते. त्यांची लिपी १९९९ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदणीत गेली. दोन्ही लिपींचे तक्ते शेजारी ठेवले की पाच मिनिटांत फरक कळतो, तरीही तेवढे कष्ट न घेता लावलेल्या चिठ्ठ्या पुष्कळ आहेत.

दक्षिण सुलावेसीतल्या तोराजांबद्दल थोडे. त्यांची ‘पासुरा’ नक्षी, म्हणजे सूर्य, कोंबडा, रेड्याचे मस्तक आणि काळा-तांबडा-पिवळा-पांढरा असे चार रंग, घरांच्या आणि भाताच्या कोठारांच्या लाकडावर वाढली. ताडी प्यायच्या त्यांच्या वापरातल्या बांबूच्या नळ्या बहुधा साध्याच असतात. संपूर्ण पासुराने मढवलेली चकचकीत बांबूची डबी दिसली तर ती पर्यटकांसाठी केलेली असण्याचा संभव मोठा. त्यात कमीपणा काहीच नाही. आजचा कारागीर आजच्या गिऱ्हाइकासाठी कोरतो. फक्त तिच्या चिठ्ठीवर एकोणिसावे शतक लिहू नये.

याच ठिकाणी बाजाराचा विचार करावा लागतो. गेल्या अर्धशतकात पूर्वेकडच्या बेटांवरचा जुना माल बालीच्या दुकानांतून जगभर गेला. ‘बालीत घेतले’ हे वाक्य घरच्या आठवणीत ‘बालीचे’ होऊन बसते. त्याच दुकानांत जुने भासवलेले नवे कामही असते, आणि तोबा सरोवरातल्या सामोसिर बेटावर हाडावर नि बांबूवर कोरलेल्या दिनदर्शिका आठवणवस्तू म्हणून मिळतात. त्यांवरची अक्षरे पुष्कळदा वाचू जाता काहीच सांगत नाहीत, नुसती वर्णमाला किंवा अर्थहीन रांग असते. रेघेचा छेद गोलसर आणि सगळीकडे एकाच खोलीचा असेल तर फिरत्या यंत्राचे टोक वापरलेले आहे. काठ तपकिरी नि मऊ असतील तर तापलेल्या सळीचे डाग आहेत. जुन्या चिरेच्या कडा हाताळून बोथट आणि काळवंडलेल्या असतात, ताज्या चिरेत आतला फिकट तंतू दिसतो. घुणाची बारीक छिद्रे मात्र पुरावा धरू नयेत. बांबूतल्या पिठुळ अंशावर जगणारे भुंगेरे नव्या बांबूलाच आधी गाठतात.

प्रयोगशाळेची मदत कुठे होते तेही सांगायला हवे. सतराव्या शतकानंतरच्या वस्तूंचे वय रेडिओकार्बन पद्धतीने नेमके निघत नाही, अनेक कालखंड सारखेच संभवनीय दिसतात. पण १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेतला किरणोत्सारी कार्बन एकदम वाढवला. बांबूचा दांडा एका हंगामात पूर्ण उंची गाठतो, त्यामुळे त्याच्या तंतूंतला कार्बन थोड्याच वर्षांतल्या हवेचा असतो. नळीत तो वाढीव कार्बन आढळला तर ‘एकोणिसावे शतक’ हा दावा तिथेच संपतो. नुकसान टिकलीभर नमुन्याचे, तोही तळाच्या आतल्या अंगातून घेता येतो.

तळावरचा शाईचा आकडा हा सगळ्यात दुर्लक्षित पुरावा. लायडनचे मानववंश संग्रहालय १८३७ पासूनचे. तिथल्या वस्तूंवर मालिकेचा क्रमांक आणि त्यातला वस्तूचा क्रमांक लिहिलेला असतो, आणि सूचीत तो ‘आरव्ही’ या अक्षरांनी सुरू होतो. ॲम्स्टरडॅमच्या पूर्वीच्या ट्रोपेनम्युझियमचा ‘टीएम’ने. मालिकेवरून वस्तू कोणी, कधी, कोणत्या भागातून आणली ते निघते. आणणारा मिशनरी होता की जिल्हाधिकारी की फौजेतला अधिकारी, यावर पुढचे सगळे प्रश्न ठरतात. २०२३ च्या जुलैत नेदरलँड्सने लोंबोक बेटावरच्या खजिन्यासह ४७८ वस्तू इंडोनेशिया आणि श्रीलंकेला परत देण्याची घोषणा केली. राजवाड्यातून लुटलेल्या सोन्याचा हिशोब कागदोपत्री सापडतो. चुन्याच्या नळीचा हिशोब कोणी फारसा ठेवला नाही, आणि ती कोणाची हे ठरल्याशिवाय ती परत मागणारा कोण, हेही ठरत नाही. म्हणून या लहान वस्तूंच्या मुळाचा शोध मला मोठ्या खजिन्यांच्या शोधाइतकाच निकडीचा वाटतो.

चिठ्ठी कशी लिहावी याबद्दल एक आग्रह. पात्र कुठे मिळाले, कुठे वापरले गेले आणि कुठे कोरले गेले, या तीन गोष्टी तीन वेगळ्या ओळींत लिहाव्यात आणि प्रत्येकीपुढे आधार द्यावा. ‘बालीतल्या डेनपसारच्या बाजारात घेतले, चुन्यासाठी वापरलेले, आत थर आहे, पश्चिम तिमोरमधले आतोनी काम असावे, रेघेची रीत आणि पट्ट्यांची मांडणी यावरून’ अशी नोंद पुढच्या अभ्यासकाला तपासता येते, गरज पडली तर खोडताही येते.

पुढच्या पानांतली प्रत्येक नोंद याच क्रमाने जाते: तळ, आतला भाग, तोंड आणि बूच, बांधणी, रेघेचा छेद, अक्षरे असतील तर अक्षरे, आणि मग नक्षी. वाचताना हाताशी दहापट मोठे दाखवणारे भिंग असावे आणि खोलीतला दिवा मालवून एका बाजूने तिरपा प्रकाश टाकता येईल अशी छोटी बॅटरी.